पहिला प्रश्न विचारणाऱ्याचं स्वागत: स्टॅक ओव्हरफ्लोवर नवखा माणूस का बिचकतो

२६ एप्रिल २०१८ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने एक गोष्ट जाहीरपणे मान्य केली. कंपनीचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी जे हॅनलन यांनी लिहिलं, की आमच्याकडे येणाऱ्यांचं नीट स्वागत होत नाही. फार जणांना, त्यातही नवशिक्यांना, स्त्रियांना आणि गौरेतर लोकांना ही जागा तुसडी आणि शिष्ट वाटते, आणि हे आता बदलायला हवं. शिकणारी मुलं हेच दहा वर्षं आपापसांत बोलत होती. कंपनीने ते स्वतःच्या नावाने लिहिलं, हे नवं होतं.

ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्राम लिहिताना रोज अडायला होतं. पंचवीस वर्षं काम केलेल्यालाही होतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर अशा अडचणीचा प्रश्न टाकता येतो आणि जगात कुठेतरी बसलेला जाणकार त्याचं उत्तर देतो, तेही एक पैसा न घेता. २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ही साइट सुरू केली आणि आज तिथे दोन कोटींहून अधिक प्रश्न साठले आहेत. हिंजवडीतल्या कंपनीतली इंजिनीअर असो की लातूरच्या तंत्रनिकेतनातला डिप्लोमाचा विद्यार्थी, एरर आली की दोघंही ती गुगलमध्ये टाकतात आणि बहुतेक वेळा याच साइटवर पोचतात. वाचणारे अफाट आहेत. प्रश्न विचारणारे त्यामानाने थोडे, आणि एकदा विचारून परत न फिरकलेलेही पुष्कळ.

ते का फिरकत नाहीत, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिथली माणसं वाईट आहेत म्हणून नवखा बिचकतो असं नाही. ती जागा ज्या कामासाठी बांधली गेली आणि नवखा जे मनात धरून तिथे येतो, त्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. म्हणून नुसतं ‘सगळ्यांनी गोड बोला’ असं सांगून हा प्रश्न सुटत नाही. स्वागताची व्यवस्था बांधावी लागते.

हॅनलन यांच्या लेखानंतर त्याच वर्षी कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांना साइटवरच्या काही हजार कमेंट वाचायला दिल्या आणि प्रत्येकीला शेरा द्यायला सांगितलं: ठीक, तुटक की अपमानकारक. नव्वद टक्क्यांहून जास्त कमेंट ठीक निघाल्या. सुमारे सात टक्के तुटक होत्या. उघड अपमान किंवा शिवीगाळ अर्ध्या टक्क्याहूनही कमी. इथे शिव्या घालणाऱ्यांचा सुळसुळाट असता तर त्यांना हाकलून मोकळं होता आलं असतं. पण लागणारी गोष्ट वेगळीच होती. माणूस घाबरत घाबरत काही विचारतो आणि समोरून आवाज न चढवता, एका ओळीत, त्याला बाजूला केलं जातं. सातच टक्के म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण नवख्याच्या वाट्याला पहिल्या दिवशी मोजक्याच कमेंट येतात. त्यातली एक जरी अशी निघाली तरी त्याच्या लेखी ती साइट तशीच.

हे उत्तर नेमकं कोणासाठी?

२००८ च्या आधी अडलेल्या प्रोग्रामरची स्थिती काय होती ते आठवायला हवं. गुगलवर शोधलं की एक्स्पर्ट्स एक्स्चेंज नावाची साइट वर यायची. प्रश्न अगदी आपल्यासारखा, पण उत्तर पैसे भरल्याशिवाय दिसायचं नाही. दुसरीकडे फोरमवर चाळीस चाळीस प्रतिसादांची पानं असायची. ‘मलाही हीच अडचण आहे’, ‘वर काढतोय’, ‘सुटला प्रश्न, धन्यवाद’ एवढंच त्यात, आणि कसा सुटला ते लिहायला कोणाला सुचलेलं नसायचं. त्या वैतागातून स्टॅक ओव्हरफ्लो जन्मली. तिथला पहिला नियमच असा, की इथे गप्पा नाहीत. एक प्रश्न, त्याखाली उत्तरं, आणि लोकांच्या मतांनी उत्तम उत्तर वर चढणार.

योजना जबरदस्त यशस्वी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रश्नांना उत्तर मिळत असल्याचं आढळलं, आणि निम्म्या वेळा पहिलं उत्तर ११ मिनिटांच्या आत येत होतं. अकरा मिनिटांत अनोळखी माणसाकडून फुकट, तज्ज्ञ मदत! हे वाचून मी आजही थक्क होतो.

पण या योजनेच्या पोटात एक निवड दडलेली होती. उत्तर मुख्यतः प्रश्न विचारणाऱ्यासाठी नसतं. पुढची दहा वर्षं गुगलवरून येणाऱ्या हजारो वाचकांसाठी ते असतं. विचारणारा हा त्या मोठ्या नोंदवहीत एक पान भरणारा माणूस. पान नीट भरलं तर उत्तम, आधीच्या पानासारखंच असेल तर ते फाडायचं. नवख्याला यातलं काहीच कोणी सांगितलेलं नसतं. तो एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी आल्यासारखा येतो: दादा, माझी गाडी कुठे लागते? आणि आतला माणूस म्हणतो, हा प्रश्न २००९ मध्ये विचारून झाला आहे, तिकडे बोर्डावर वाचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. दुखावतो मात्र एकच.

पहिल्या दिवशी काय होतं

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा, एका मुलीने किराणा दुकानाचं बिल करणारा छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. दहा पैसे अधिक वीस पैसे, म्हणजे ०.१ अधिक ०.२. उत्तर ०.३ यायला हवं. स्क्रीनवर येतं ०.३०००००००००००००००४. तिने सगळं तपासलं. चूक सापडेना. आता तिने शोधावं तरी काय? ‘बेरीज चुकते’? ‘पायथन बिल एरर’?

खरं कारण असं: संगणक आकडे शून्य आणि एक याच अंकांत साठवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ असं न संपणारं काहीतरी होतं, तसंच त्या द्विमान पद्धतीत एक दशांशाचं होतं. तो कुठेतरी कापावाच लागतो. त्या कापण्यातला बारीकसा फरक बेरजेत वर येतो. अपूर्णांक साठवायच्या या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात आणि तो शब्द माहीत असणाऱ्याला उत्तर अर्ध्या मिनिटात सापडतं. नवख्याच्या अडचणीचं मर्मच हे आहे. शोधायला नाव लागतं, आणि नाव माहीत असतं त्याला बहुधा अर्धं उत्तर आधीच माहीत असतं. ‘आधी शोधून का नाही पाहिलं?’ या प्रश्नाइतका अन्यायकारक प्रश्न दुसरा नाही. तिने शोधलेलं असतं. तिला कोणत्या दारावर ठोठवायचं ते माहीत नव्हतं.

तर ती प्रश्न लिहिते. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सुरुवात करते: ‘नमस्कार सर, मी प्रथम वर्षात शिकते, कृपया मदत करा.’ शेवटी ‘आगाऊ धन्यवाद’. सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो.

यानंतर घडणाऱ्या गोष्टींमागे एकेक कारण आहे आणि त्यातलं एकही तिला दिसत नाही. कोणीतरी तिचा नमस्कार आणि धन्यवाद खोडून टाकतो, कारण नोंदवहीत हवा फक्त मुद्दा. घरात शिकवलेली रीत पाळली आणि तीच कोणी पुसली, एवढंच तिला कळतं. फोटोतला कोड दुसऱ्या कोणाला कॉपी करून चालवता येत नाही, म्हणून एक डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत, येतो. प्रश्नाशेजारी उणे एक दिसायला लागतो. मग ज्याला त्या विषयातल्या उत्तरांसाठी साइटने सुवर्णपदक दिलं आहे असा एखादा जाणकार येतो. साइटवर प्रत्येकाच्या खात्यात इतरांच्या मतांतून गुण साठतात. पुरेसे गुण असलेल्या तिघांनी मत दिलं की प्रश्न बंद होतो, पण डुप्लिकेट ठरवण्यापुरता असा पदकधारी एकटाच पुरतो. ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ अशी पाटी लागते आणि २००९ पासून तिथे असलेल्या एका प्रश्नाचा दुवा येतो. दुवा अगदी बरोबर असतो. त्या पानावरचं स्पष्टीकरण इतकं सुंदर आहे, की कॉलेजच्या कुठल्याही नोट्समध्ये तसं सापडणार नाही.

म्हणजे तिला खरं तर मदतच मिळाली. अकरा मिनिटंही लागली नाहीत. पण तिने पाहिलं काय? प्रश्न बंद, वर उणे एक, आणि नमस्कार गायब. आपण काहीतरी वेडगळ विचारलं आणि ते जगासमोर टांगलं गेलं, असं तिला वाटलं. बंद प्रश्न सुधारून पुन्हा उघडता येतो, हे तिला ठाऊक नाही. तिचे गुण १ च्या खाली जाऊच शकत नाहीत, हेही नाही. आपली बाजू दुव्यावरच्या त्या जुन्या उत्तराखाली कमेंट करून मांडावी म्हटलं तर त्यासाठी ५० गुण लागतात. तिच्याकडे एकच आहे. कोणाचं उत्तर आवडलं म्हणून त्याला वर चढवावं, तर १५ लागतात. आणि तिने असे दोन-चार प्रश्न आणखी टाकले तर यंत्रणा आपोआप तिला प्रश्न विचारण्यापासून रोखते.

यातला एकेक नियम वेगळा काढून पाहिला तर त्याचं समर्थन करता येतं. कमेंटसाठी ५० गुण नसते तर जाहिरातबाजांनी पानं भरून टाकली असती. फोटो नको म्हणणं रास्तच आहे. अंध प्रोग्रामर स्क्रीन रीडरने वाचतात, त्यांना फोटोतला कोड ऐकूच येत नाही. पण हे सगळे नियम मिळून पहिल्याच दिवशी, एकाच माणसावर कोसळतात, आणि ते कोसळताना जवळ कोणी बसलेलं नसतं.

उत्तर देणाऱ्यांचीही बाजू

ती मांडल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. हे लोक पगारी नाहीत. नोकरी सांभाळून, रात्री मुलं झोपल्यावर तासभर बसून अनोळखी माणसांचे कोड वाचतात. त्यांच्या समोर रोज येणाऱ्या प्रश्नांत सत्राच्या शेवटी सरळ चिकटवलेली असाइनमेंट असते, खाली ‘अर्जंट’. मेहनत केलेला विद्यार्थी आणि कामच टाळणारा विद्यार्थी पडद्यावर सारखेच दिसतात. तोच प्रश्न तीनशेव्यांदा वाचणाऱ्याच्या उत्तरात तुटकपणा उतरतो, पण विचारणारा तर पहिल्यांदाच विचारत असतो. दोघांच्या घड्याळांत हा एवढा फरक आहे.

ही कहाणी स्टॅक ओव्हरफ्लोच्या फार आधीची. ऐंशीच्या दशकात यूजनेट नावाच्या जाळ्यावर चर्चागट होते. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवी मुलं दाखल व्हायची, त्यांना तिथे प्रवेश मिळायचा आणि महिनाभर गोंधळ माजायचा. जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवायची, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ती मुलं तिथलीच होऊन जायची. १९९३-९४ च्या सुमारास व्यावसायिक इंटरनेट कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेट खुलं केलं. नव्यांचा ओघ मग थांबलाच नाही, आणि जुन्यांनी त्या काळाला कधीही न संपणारा सप्टेंबर असं नाव दिलं. या नावात जुन्यांचा वैताग आहे हे खरं. मला मात्र त्यातला आधीचा भाग मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं ती पद्धत चालत होती, कारण नवे थोडे आणि शिकवणारे पुरेसे होते. प्रमाण बिघडलं तशी शिकवण्याची जागा नियमावलीने घेतली. २००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी ‘प्रश्न हुशारीने कसे विचारावेत’ यावर एक मोठी मार्गदर्शिका लिहिली. ती उपयुक्त आहे, तिचा गाभा आजही खरा आहे. पण नवख्याच्या तोंडावर तिचा दुवा फेकणं हा पुढे अनेक ठिकाणी शिरस्ताच झाला.

कोण गप्प राहतं

बंद झालेल्या प्रश्नांची मोजदाद करता येते. न विचारलेल्या प्रश्नांची कशी करणार? २०१६ मध्ये संशोधक डेने फोर्ड आणि सहकाऱ्यांनी स्त्रिया स्टॅक ओव्हरफ्लोवर भाग घेताना कुठे अडतात याचा अभ्यास केला. काही अडथळे पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त जाणवत होते. उत्तर देण्याइतकं आपल्याला येत नाही असं वाटणं, एवढ्या प्रचंड जमावापुढे बोलायची धास्ती, पूर्ण अनोळखी लोकांशी बोलण्याचा अवघडलेपणा. साइटच्या वार्षिक सर्वेक्षणात भाग घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण पाच ते आठ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. त्याच सर्वेक्षणात भारत मात्र सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या देशांपैकी एक असतो. आपल्याकडे संगणकाच्या वर्गांत मुलींची संख्या चांगली असते. त्या कोड लिहितात, साइटवर वाचतातही. फक्त त्यांचे प्रश्न तिथे दिसत नाहीत.

भाषेचा अडथळा तर मराठी वाचकाला सांगायलाच नको. मुख्य साइटवर प्रश्न इंग्रजीतच हवा, नाहीतर बंद होतो. पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश या चार भाषांसाठी स्वतंत्र साइट आहेत. एकाही भारतीय भाषेसाठी नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा कोडची अडचण इंग्रजीत मांडायला बसतो तेव्हा एकाच वेळी दोन परीक्षा देत असतो, आणि गुण मिळतात ते दोन्हींचे मिळून. वाक्य तुटकं असलं की वाचणारा गृहीत धरतो की विचारही तुटकाच असणार. मी पाहिलेल्या उदास करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक. लूपमधली नेमकी चूक पकडणारी मुलं ‘माझं इंग्लिश चांगलं नाही’ म्हणून प्रश्न पाठवतच नाहीत.

जिथे हे जमलं

हॅनलन यांच्या लेखानंतर कंपनीने आचारसंहिता नव्याने लिहिली आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी ‘हे इथे नवे आहेत’ अशी छोटी खूण दिसू लागली. बरं झालं, पण पाटी लावल्याने वागणं किती बदलणार? त्याहून कितीतरी अधिक सांगणारा प्रयोग त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

याही वेळी डेने फोर्ड होत्याच. महिनाभर असं केलं गेलं: काही नवखे लोक प्रश्न लिहीत असताना, तो जगासमोर जाण्याआधीच, त्यांना एका मदतखोलीत बोलावलं. तिथे साइटवरचे अनुभवी लोक मार्गदर्शक म्हणून बसलेले. ते कच्चा प्रश्न वाचत आणि सांगत, की इथे कोड घाला, एरर जशीच्या तशी लिहा, तुम्ही काय करून पाहिलं ते आधी येऊ द्या. मग प्रश्न बाहेर जाई. अशा प्रश्नांना मिळालेले सरासरी गुण इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होते. माणसं तीच, नियम तेच, साइटही तीच. फरक एवढाच, की चूक दाखवून देण्याचं काम चारचौघांत न होता आधी, बाजूला घेऊन झालं. शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. भर वर्गात वही उंच धरून चुका वाचणारे मास्तर आणि बाकाशी येऊन हळूच बोट ठेवणारे मास्तर, दोघंही चूकच दाखवतात. हा विचार साइटवर कायमचा यायला २०२४ उजाडलं. आता स्टेजिंग ग्राउंड नावाच्या भागात नवख्यांचे प्रश्न आधी तपासून, सुधारून घेता येतात, आणि तयार झाले की मुख्य साइटवर जातात.

न्यूयॉर्कमध्ये रिकर्स सेंटर नावाची प्रोग्रामरांची एक शिबिरशाळा २०११ पासून चालते. तिथे चार छोटे सामाजिक नियम आहेत. पहिला नियम खोटं आश्चर्य दाखवायचं नाही हा. ‘काय? तुला गिट माहीत नाही?’ असं म्हणायचं नाही (गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). या एका वाक्याने समोरच्याला काहीही नवं कळत नाही, फक्त तो पुढच्या वेळी विचारत नाही. दुसरा, मूळ मुद्द्याला धक्का न लावणारी बारीक दुरुस्ती मध्येच घुसडायची नाही. तिसरा, दोघं एखाद्या अडचणीवर बोलत असताना लांबून सल्ला फेकायचा नाही. यायचं तर पूर्ण या. चौथा, एखाद्या समूहाला कमी लेखणारे सूचक शेरे नकोत. नियम मोडला तर शिक्षा नाही, कोणीतरी लक्षात आणून देतं आणि काम पुढे चालू होतं. हे नियम माणूस कसा असावा ते सांगत नाहीत. नेमकं कोणतं वाक्य टाळायचं ते सांगतात, म्हणून ते पाळता येतात.

आपल्याजवळचं उदाहरण मुंबईतलं. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, लिब्रऑफिस, लिनक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले पुष्कळ मराठीतही ऐकायला मिळतात. शिकताना अडलं तर प्रश्न विचारायची सोय आहे, आणि तिथल्या फॉर्ममध्ये विचारलं जातं: कोणता धडा, कितवं मिनिट, कितवा सेकंद. किती साधी गोष्ट! नवख्याला आपली अडचण शब्दांत पकडता येत नाही, पण ‘चौथ्या मिनिटाला अडलो’ एवढं तो नक्की सांगू शकतो. उरलेला संदर्भ फॉर्मच गोळा करतो. मग उत्तर देणाऱ्याला वैतागायचं कारणच उरत नाही. आपुलकी रचनेत घालणं म्हणतात ते हे.

टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि डिस्कॉर्डवरच्या ग्रुपमध्ये ऊब जास्त असते हे खरं. तिथे मराठीत विचारता येतं, ‘दादा’ म्हणता येतं, आणि कोणी उणे गुण देत नाही. पण तिथलं उत्तर दुसऱ्या दिवशी दोनशे मेसेजखाली गाडलं जातं आणि गुगलला ते कधीच दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, आणि तेच चार उत्साही लोक तेच उत्तर पुन्हा लिहीत दमून जातात.

आणि मग चॅटजीपीटी आलं

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुलं झालं. काही दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोने त्यातून काढलेली उत्तरं साइटवर टाकायला बंदी घातली, कारण ती दिसायला नेटकी आणि पुष्कळदा चुकीची असत. पण लोक तिथे उत्तरं टाकण्यापेक्षा तिकडेच प्रश्न विचारायला गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथे चॅटजीपीटी सहज मिळत नव्हतं अशा रशियन आणि चिनी साइटशी तुलना केली गेली. सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरचं लिखाण सुमारे २५ टक्क्यांनी घटलं होतं. घट फक्त नवख्यांची किंवा निकस प्रश्नांची नव्हती. अनुभवी लोकांचं लिखाणही तेवढंच आटलं.

यंत्र कधी कपाळाला आठ्या घालत नाही. तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी चालतो, मराठीत विचारला तरी चालतो, आणि नमस्कार कोणी खोडत नाही. जिला चारचौघांत विचारायची धास्ती होती तिच्यासाठी ही फार मोठी सुटका आहे, आणि तिला कोणी नावं ठेवू नयेत. पण तिला मिळालेलं उत्तर तिच्या खिडकीतच राहतं. ते चुकीचं असेल तर खाली येऊन ‘हे नव्या आवृत्तीत चालत नाही’ असं लिहिणारा तिसरा माणूस तिथे नाही. शिवाय ही यंत्रं ज्या मजकुरावर शिकली त्यात याच साइटवरची माणसांनी लिहिलेली उत्तरं आहेत. नव्या भाषेतली, नव्या लायब्ररीतली, आज पहिल्यांदाच आलेली एरर कुठेतरी एका माणसाला आधी सोडवावी लागते आणि उघड्यावर लिहावी लागते. ते लिहिणारे उद्याचे लोक आजच्या नवख्यांतूनच येणार होते. पहिल्या दिवशी परत गेलेल्या प्रत्येक मुलाबरोबर एक उत्तर देणाराही गेला, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

विचारायचंच असेल तर

अजूनही विचारावं, असं मी आग्रहाने सांगेन. काही गोष्टी माहीत असल्या की पहिला दिवस बराच सोपा जातो.

प्रश्न टाकण्याआधी आपला कोड छोटा करत न्या. दोनशे ओळींच्या प्रोग्राममधून एकेक भाग काढून टाका आणि एरर तरीही येते का पाहा. उरतात त्या आठ-दहा ओळी, ज्या दुसऱ्याने जशाच्या तशा चालवल्या तर त्याच्याकडेही तीच एरर येईल. एवढंच प्रश्नात द्या. हे करताना अर्ध्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. कोड आणि एरर मजकूर म्हणून चिकटवा, फोटो नको. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा. बिल करणाऱ्या त्या मुलीचा प्रश्न मग असा होतो: ‘पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापल्यावर ०.३ ऐवजी ०.३०००००००००००००००४ का येतं? मला बिलावर दोनच दशांश दाखवायचे आहेत.’ नमस्कार नाही, ओळख नाही, तरी यात उद्धटपणा काहीच नाही.

दुसरं वाक्य तिथे मुद्दाम आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. पुष्कळ जण मूळ गरज सांगतच नाहीत. आपण काढलेल्या वाटेवर जिथे अडलो तेवढंच विचारतात, आणि ती वाटच चुकीची असते. बिल करायचं आहे हे कळलं, की जाणकार लगेच सांगेल: पैशांसाठी असे अपूर्णांक वापरूच नका. रुपयांऐवजी सगळं पैशांत मोजा, पूर्णांकात ठेवा, आणि छापताना शंभरने भागा. किंवा पायथनमधलं डेसिमल, म्हणजे दशमान पद्धतीतच हिशेब करणारी सोय, वापरा. हे उत्तर तिने मागितलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

इंग्रजीची भीती असेल तर वाक्यं लहान ठेवा. अलंकारिक इंग्रजीची तिथे कोणाला गरज नाही. कोड ही सगळ्यांची समान भाषा आहे आणि चालणारा दहा ओळींचा नमुना बरंचसं स्वतःच सांगतो. मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तरी चालेल, फक्त पाठवण्याआधी एरर आणि व्हेरिएबलची नावं बदलली गेली नाहीत ना ते पाहा. प्रश्न बंद झाला तर खाली दिलेला दुवा आधी नीट वाचा. तो लागू होत नसेल तर आपल्याच प्रश्नात भर घाला: ते पाहिलं, पण माझी अडचण या या बाबतीत वेगळी आहे. बदल झाला की प्रश्न पुन्हा उघडण्यासाठी तपासणीला जातो. आपल्या स्वतःच्या प्रश्नाखाली कमेंट करायला ५० गुण लागत नाहीत, त्यामुळे कोणी खुलासा मागितला तर तिथेच देता येतो.

आणि उत्तर द्यायला तर गुणांची अट जवळपास नाहीच. खातं उघडल्याच्या दिवशीही एक गुण असलेला माणूस बहुतेक प्रश्नांना उत्तर देऊ शकतो. महिन्यापूर्वी जे आपल्याला अडलं होतं तेच आज दुसऱ्या कोणाला अडलेलं असतं, आणि त्याला नक्की काय कळत नाहीये हे पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त ताजं आठवत असतं.